झटपट किराणा सेवा कशी चालते आणि मराठवाड्यातील दुकानदाराने ती आपल्या दुकानात कशी उभारावी

मुंबई-पुण्यात मोबाइलवरून मागवलेली दुधाची पिशवी दहा-पंधरा मिनिटांत दारात येते, तेव्हा ग्राहकाला दिसतो तो फक्त दुचाकीवरून आलेला रायडर, आणि त्यामुळे सगळा वेग त्या दुचाकीचाच आहे असा समज होतो. प्रत्यक्षात हा वेग गोदामातल्या रॅकवर तयार होतो. कोणता माल कोणत्या कप्प्यात आहे, तो किती पावलांत हाती लागतो, तो खरोखर शिल्लक आहे याची खात्री किती पक्की आहे आणि गोदाम ग्राहकाच्या घरापासून किती जवळ आहे, या चार गोष्टींवर ही सेवा उभी आहे. लातूर, नांदेड, परभणी, जालना येथील वस्तीतल्या किराणा दुकानदाराकडे यांपैकी चौथी गोष्ट, जिच्यासाठी कंपन्यांना मोक्याच्या जागांची मोठमोठी भाडी मोजावी लागतात, ती आधीपासूनच आहे. उरलेल्या तीन गोष्टी शिस्तीने साध्य होतात, आणि त्या कशा साधाव्यात हे सांगण्यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे.

मोठ्या शहरांतील यंत्रणा

या व्यवसायाची सुरुवात किराणा दुकानांपासूनच झाली होती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. २०१३ मध्ये सुरू झालेली ग्रोफर्स ही कंपनी प्रारंभी आसपासच्या दुकानांतून माल उचलून ग्राहकाला पोहोचवत असे. डिसेंबर २०२१ मध्ये तिने ब्लिंकिट हे नाव घेतले आणि २०२२ मध्ये झोमॅटोने ती विकत घेतली. २०२१ मध्ये मुंबईतून पुढे आलेल्या झेप्टोच्या संस्थापकांचा किराणाकार्ट हा आधीचा प्रयोगही शेजारच्या दुकानांतून माल पोहोचवण्याचाच होता. स्विगीची इन्स्टामार्ट सेवा २०२० मध्ये सुरू झाली. दुसऱ्याच्या दुकानातून माल उचलण्याच्या पद्धतीत एक मूलभूत अडचण असते: दुकानात वस्तू शिल्लक आहे की नाही हे ॲपला आधी कळत नाही, आणि दुकानदार समोरच्या गिऱ्हाइकाला आटोपून मगच मोबाइलवरच्या यादीकडे वळतो. या अडचणीवर उपाय म्हणून कंपन्यांनी डार्क स्टोअर ही पद्धत स्वीकारली, म्हणजे ग्राहकासाठी दार बंद असलेले आणि केवळ ऑनलाइन मागणी भरण्यासाठी चालणारे वस्तीतले छोटे गोदाम.

असे गोदाम साधारणपणे दोन-तीन किलोमीटरच्या परिसराला माल पुरवते. ग्राहकाने ॲप उघडताच त्याचे ठिकाण ओळखून त्याला जवळच्या एकाच गोदामातला शिल्लक माल दाखवला जातो. म्हणूनच एका वस्तीत दिसणारी वस्तू शेजारच्या वस्तीत दिसत नाही. मागणी नोंदवली जाताच गोदामातल्या पिकरच्या, म्हणजे कप्प्यांतून माल काढणाऱ्या माणसाच्या, हातातील यंत्रावर यादी उमटते, आणि तीही ग्राहकाने सांगितलेल्या क्रमाने नव्हे, तर गोदामात चालत जाण्याच्या क्रमाने. प्रत्येक कप्प्याला क्रमांक असतो. पिकर त्या क्रमांकावर जातो, वस्तूवरचा बारकोड स्कॅन करतो, आणि चुकीची वस्तू उचलली असेल तर यंत्र लगेच अडवते. यादी भरली जात असतानाच रायडर नेमलेला असतो, त्यामुळे पिशवी तयार होण्याची आणि तो दाराशी येण्याची वेळ जुळते.

मालाची मांडणीही विचारपूर्वक केलेली असते. दूध, ब्रेड, अंडी, कांदे-बटाटे, चिप्स यांसारख्या सतत लागणाऱ्या वस्तू बांधणीच्या टेबलाजवळ असतात. पीठ, तेल अशा जड वस्तू खालच्या कप्प्यात. आइस्क्रीम आणि दुग्धजन्य पदार्थ फ्रीझरमध्ये किंवा थंड खोलीत. दिसायला सारखी पाकिटे, उदाहरणार्थ एकाच कंपनीच्या साबणाचे दोन प्रकार, शेजारी ठेवण्याचे टाळले जाते, कारण घाईत हात नेमका शेजारच्या पाकिटावर पडतो. शहराबाहेरील मोठ्या कोठारातून गोदामात रोज माल भरला जातो, आणि किती भरायचा हे वार, वेळ, पाऊस, सणवार आणि आधीची विक्री पाहून ठरवले जाते.

आता वेळेचा हिशेब पाहू. शहरातल्या रस्त्यावर दुचाकीचा सरासरी वेग ताशी २० किलोमीटर धरला, तर २ किलोमीटर जायला ६ मिनिटे लागतात. यादी भरायला दोन मिनिटे, बांधणीला एक मिनिट आणि जिना चढायला एक मिनिट धरले की दहा मिनिटे पूर्ण होतात. दुचाकीस्वाराने जीव धोक्यात घालून वेग ताशी ३० किलोमीटरवर नेला, तरी वाचतात ती अवघी दोन मिनिटे. याउलट कप्प्यांना क्रमांक नसलेल्या दुकानात दहा वस्तूंची यादी भरताना यापेक्षा कितीतरी जास्त वेळ केवळ शोधाशोधीत जातो. वेळ वाचवायची जागा दुकानाच्या आत आहे ती यामुळेच.

परिसर आणि वस्तूंची यादी ठरवणे

पहिले काम म्हणजे सेवेची हद्द आखणे. ती नकाशावर वर्तुळ काढून ठरवू नये. रेल्वे फाटक, आठवडी बाजाराचा रस्ता, शाळा सुटण्याच्या वेळी तुंबणारा चौक, पावसाळ्यात पाणी साचणारा नाला यांमुळे एक किलोमीटरवरचे घर कधी दोन किलोमीटरवरच्या घरापेक्षा लांब पडते. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. बाजाराच्या वेळी त्या गोलाईतून पलीकडे जाणे आणि त्याच वेळी औसा रोडच्या एखाद्या वसाहतीत जाणे यांत अंतर सारखे असूनही वेळ सारखी लागत नाही. म्हणून सकाळी आठ, दुपारी एक आणि संध्याकाळी सात अशा तीन वेळांना प्रत्यक्ष दुचाकीवरून फिरून, सहा-सात मिनिटांत जिथवर पोहोचता येते तिथवरच हद्द धरावी आणि ती ग्राहकांना गल्ल्यांची आणि कॉलन्यांची नावे घेऊन स्पष्ट सांगावी.

त्यानंतर यादी. डार्क स्टोअरमध्ये हजारो प्रकारच्या वस्तू असतात. दुकानदाराने तो मोह धरू नये. मागील दोन महिन्यांच्या चिठ्ठ्या, बिले आणि उधारीची वही पाहून सर्वाधिक वेळा मागितल्या जाणाऱ्या दोनशे ते तीनशे वस्तू निवडाव्यात आणि घरपोच सेवा तेवढ्यांपुरतीच ठेवावी. वस्तीप्रमाणे ही यादी बदलेल. लातूरमध्ये शिकवणीच्या निमित्ताने खोल्या घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या भागात बिस्किटे, दूध, पोहे, मॅगी, वह्या आणि मोबाइलचे चार्जर यांना रात्री मागणी असते. कुटुंबवस्तीत सकाळी दूध-दही, संध्याकाळी शेंगदाणे, तूरडाळ, तेल आणि भाजी लागते. महिन्याचा मोठा बाजार लोक मोंढ्यातून किंवा मोठ्या दुकानातून करतात आणि तो तसाच होऊ द्यावा. झटपट सेवेचे खरे काम ऐन वेळी संपलेली, पाहुणे आल्यावर लागणारी किंवा विसरलेली वस्तू पोहोचवण्याचे आहे.

दुकानाची मांडणी

या एका कामावर जितका वेळ घालवावा तितका थोडा आहे, आणि याला पैसा जवळजवळ लागत नाही. दुकानातील प्रत्येक रॅकला अक्षर द्यावे आणि प्रत्येक कप्प्याला वरून खाली क्रमांक द्यावा: अ-१, अ-२, ब-१ याप्रमाणे. ही अक्षरे रंगाने मोठी लिहावीत. कागदाच्या चिठ्ठ्या धुळीने आणि हाताच्या तेलाने महिनाभरात पुसल्या जातात. निवडलेल्या वस्तूंपुढे त्यांचा कप्पा लिहून एक तक्ता तयार करावा आणि तो बांधणीच्या जागेजवळ लावावा. यापुढे जागा बदलली की तक्ता त्याच दिवशी बदलायचा, हा नियम घरातल्या माणसांसह सर्वांनी पाळायचा. दुकानातला जुना माणूस डोळे मिटून माल काढतो हे खरे, परंतु तो गावी गेला की सारे दुकान थांबते; क्रमांक लावलेल्या दुकानात नवा माणूसही दुसऱ्या दिवसापासून कामाला येतो.

बांधणीसाठी गल्ल्यापासून वेगळी, दोन फूट रुंदीची का होईना, स्वतंत्र फळी हवी. समोरचे गिऱ्हाईक आणि फोनवरचे गिऱ्हाईक यांचा माल एकाच फळीवर आला की चुका सुरू होतात आणि दोघेही नाराज होतात. सर्वाधिक खपाच्या तीस-चाळीस वस्तू या फळीपासून हाताच्या अंतरावर आणाव्यात. साबण, फिनेल, अगरबत्ती हे खाद्यपदार्थांपासून दूर ठेवावे आणि पिशवीतही वेगळे बांधावे, कारण चहापत्ती आणि पीठ शेजारचा वास फार लवकर ओढून घेतात.

सुट्या मालाचा प्रश्न आपल्याकडे मोठा आहे, कारण ज्वारी, डाळी, साखर, शेंगदाणे आजही वजनावर घेतले जातात. आदल्या रात्री पाव, अर्धा आणि एक किलोच्या पुड्या बांधून ठेवण्याची कल्पना सोयीची वाटते. पण गिऱ्हाइकाच्या गैरहजेरीत वजन करून बंद केलेले पाकीट विकायला ठेवले की वैध मापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ लागू होतात आणि वस्तूचे नाव, निव्वळ वजन, किंमत, बांधणीचा महिना, बांधणाऱ्याचे नाव-पत्ता ही माहिती पाकिटावर द्यावी लागते. शिवाय १८ जुलै २०२२ पासून डाळी, तांदूळ, पीठ यांसारख्या वस्तू लेबल लावलेल्या लहान पाकिटांत विकल्यास त्यांवर जीएसटी लागतो, सुट्या विकल्यास लागत नाही. म्हणून माझ्या मते लहान दुकानदाराने सर्वाधिक खपाच्या आठ-दहा सुट्या धान्यांचे डबे बांधणीच्या फळीखाली आणून, वजनकाटा फळीवरच ठेवून, मागणी आल्यावरच माल तोलावा. पाव किलो शेंगदाणे तोलायला अर्धे मिनिटही लागत नाही. पाकिटे बांधायचीच असतील, तर आधी आपल्या कर सल्लागाराला विचारावे.

शिल्लक मालाची खरी नोंद

ग्राहक उशीर एकदा सहन करतो; पण आधी «आहे» म्हणून सांगितलेली वस्तू पिशवीत नसली की तो पुन्हा फोन करत नाही. कंपन्या प्रत्येक वस्तू आत येताना आणि बाहेर जाताना स्कॅन करतात आणि तरीही त्यांची नोंद आणि कप्पा यांत फरक पडतो, म्हणून त्या रोज थोड्या-थोड्या कप्प्यांची मोजणी करत राहतात. दुकानदाराने हीच रीत उचलावी. संगणकावर बिल करण्याची सोय असेल तर उत्तम. नसेल तर रोज रात्री दुकान बंद करण्यापूर्वी सर्वाधिक खपाच्या तीस वस्तू मोजाव्यात आणि ज्या ठरावीक संख्येखाली गेल्या असतील त्या दुसऱ्या दिवशीच्या मोंढ्याच्या यादीत लिहाव्यात. ही खालची संख्या प्रत्येक वस्तूची वेगळी असते. जी वस्तू रोज वीस खपते आणि जिचा पुरवठादार दोन दिवसांनी येतो, तिची चाळीस नग ही किमान पातळी झाली; त्यावर सणासुदीसाठी थोडी भर धरावी.

नवा माल मागे आणि जुना माल पुढे, हा नियम सर्वांना ठाऊक असतो आणि घाईत सर्वांत आधी तोच मोडतो. ऑनलाइन खाद्यपदार्थ विकणाऱ्यांना एफएसएसएआय या केंद्र सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिलेल्या सूचनेनुसार, ग्राहकाच्या हाती पडताना पदार्थाच्या टिकाऊपणाचा किमान ३० टक्के काळ किंवा मुदत संपण्यापूर्वी ४५ दिवस शिल्लक असले पाहिजेत. फोनवर मागणी घेणाऱ्या दुकानदारानेही हे माप स्वतःला लावून घ्यावे, कारण घरपोच माल घेणारा ग्राहक पाकीट उलटून तारीख पाहू शकत नाही; ती त्याच्या वतीने आपणच पाहायची असते.

स्वच्छतेबाबत ढिलाई परवडणारी नाही. जून २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने मुंबईतील धारावी आणि पुण्यातील बालेवाडी येथील अशा गोदामांचे परवाने निलंबित केले होते. एफएसएसएआयची नोंदणी किंवा उलाढालीनुसार परवाना असावा, त्याची मुदत पाहावी, आणि माल कधीही थेट जमिनीवर ठेवू नये.

मराठवाड्याच्या उन्हाळ्याचा वेगळा विचार करावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो आणि त्यातच वीज गेली की फ्रीजमधले दूध, पनीर, लोणी धोक्यात येते. वीज गेल्यावर फ्रीजचे दार उघडायचे नाही. त्या वेळात आलेल्या मागणीसाठी बर्फाच्या पिशव्या घातलेली थर्माकोलची पेटी आधीच भरून ठेवायची. दूध आणि दही त्या पेटीतूनच बाहेर पडावे आणि दारापर्यंत त्याच गारव्यात जावे. भर दुपारी आइस्क्रीमची मागणी अर्ध्या किलोमीटरपलीकडे घेऊच नये, असे मी सुचवीन.

मागणी घेणे आणि पत्ता सापडणे

एकच मोबाइल क्रमांक ठेवावा आणि तो घरच्या फोनपासून वेगळा असावा. व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप विनामूल्य असून त्यात वस्तूंचे छायाचित्र आणि भाव दाखवणारा कॅटलॉग बनवता येतो, ग्राहकांच्या संभाषणांना लेबले लावता येतात आणि दुकान बंद असताना आपोआप उत्तर देता येते. संपलेली वस्तू कॅटलॉगमधून त्याच क्षणी लपवावी. सरकारच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ओएनडीसी या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या जाळ्यावरही विक्रेता म्हणून नाव नोंदवता येते; परंतु आधी आपल्या दुकानातली मोजणी आणि मांडणी पक्की होऊ द्यावी आणि मगच तिकडे वळावे.

पुष्कळ ग्राहक, विशेषतः वडीलधारी माणसे, टाइप न करता बोलूनच यादी सांगतात. त्यांच्यासाठी यादी वाचून दाखवण्याची सवय लावावी: «काकू, तूरडाळ अर्धा किलो, शेंगदाणे पाव किलो, साखर एक किलो आणि दुधाच्या दोन पिशव्या. तूरडाळ नेहमीचीच पाठवू ना?» एवढ्या एका प्रश्नाने परत येणारा अर्धा माल वाचतो. मागितलेली वस्तू नसेल तर बदली वस्तू विचारल्याशिवाय कधीही पाठवू नये.

पत्ता हा आपल्या गावांतला सर्वांत मोठा वेळखाऊ भाग आहे. घर क्रमांक असला तरी शेजाऱ्याला तो माहीत नसतो. मारुती मंदिराच्या मागे, पाण्याच्या टाकीसमोर, निळ्या गेटचे घर, हीच खरी ओळख. पहिल्याच मागणीला ग्राहकाकडून व्हॉट्सॲपवर ठिकाण मागवून घ्यावे आणि पत्त्यांच्या वहीत प्रत्येक घरापुढे खूण, मजला, दार कुठल्या गल्लीतून आहे आणि कुत्रा आहे का, हे लिहून ठेवावे. दुसऱ्या वेळी हीच वही तीन-चार मिनिटे वाचवते आणि नव्या माणसाला वाट विचारत फिरावे लागत नाही.

पोहोचवणाऱ्या माणसाचा आणि पैशाचा हिशेब

समजा डिलिव्हरीसाठी ठेवलेल्या माणसाचा पगार महिना १३,००० रुपये आहे आणि तो २६ दिवस काम करतो, तर दिवसाला ५०० रुपये पडले. दिवसाला २५ फेऱ्या झाल्या तर एका फेरीचे २० रुपये. जाऊन-येऊन ३ किलोमीटर, लिटरला ४५ किलोमीटर आणि पेट्रोल १०५ रुपये धरले तर इंधनाचे ७ रुपये. म्हणजे एक पिशवी दारात पोहोचवायला २७ रुपये लागले. किराण्यात सरासरी दहा टक्के सुटत असतील, तर २७० रुपयांच्या मागणीवर हातात काहीच उरत नाही, आणि फेऱ्या पंचवीसऐवजी बारा झाल्या तर हा आकडा ४९० च्या आसपास जातो. हे आकडे नमुन्याचे आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालून हा हिशेब एकदा कागदावर मांडावा आणि त्यावरून किमान मागणीची रक्कम ठरवावी. त्याखालच्या मागणीला वीस-पंचवीस रुपये पोहोच खर्च उघडपणे बिलात लावावा. तो वस्तूच्या किमतीत मिसळून छापील किमतीपेक्षा जास्त घेणे बेकायदेशीर आहे.

मोठ्या कंपन्यांना हाच हिशेब सुटतो तो पोहोच शुल्काबरोबरच ॲपवर उत्पादकांकडून मिळणाऱ्या जाहिरातींच्या पैशामुळे आणि एका गोदामातून होणाऱ्या प्रचंड मागणीमुळे, आणि तरीही सर्वांना तो सुटलेला नाही: बेंगळुरूची डन्झो ही एकेकाळची लोकप्रिय सेवा २०२५ च्या सुरुवातीला बंद पडली. म्हणून दुकानदाराने त्यांच्यासारखी फुकट पोहोच किंवा सवलतींची स्पर्धा करू नये.

एकाच दिशेच्या दोन-तीन मागण्या एका फेरीत पाठवणे हा खर्च निम्म्यावर आणण्याचा साधा मार्ग आहे. त्यासाठी गर्दीच्या वेळी ग्राहकाला दहा मिनिटांचे वचन न देता «पंचवीस मिनिटांत येईल» असे सांगावे आणि ते पाळावे. वचन मिनिटांचे असण्यापेक्षा खरे असणे ग्राहकाला जास्त उपयोगी पडते, कारण त्याला त्या वेळेवर कुकर लावायचा असतो.

आणि इथे मला आग्रहाने एक गोष्ट सांगायची आहे. पोहोचवणाऱ्या माणसाला घड्याळ दाखवून पळवू नये. उशिराचा दंड तर मुळीच लावू नये. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये ॲपवर काम करणाऱ्या कामगारांची प्रथमच कायद्याने दखल घेतली गेली आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. त्यानंतर जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय कामगार मंत्र्यांच्या हस्तक्षेपानंतर ब्लिंकिटने आपल्या जाहिरातीतून दहा मिनिटांचा दावा काढून टाकला. आपल्या दुकानातला मुलगा आपल्याच गल्लीतला असतो. तो अठरा वर्षांचा पूर्ण असावा, त्याच्याकडे वाहन परवाना असावा, हेल्मेट दुकानाने द्यावे, गाडीचा विमा चालू असावा आणि त्याचा स्वतःचा अपघात विमाही दुकानाने काढावा. मे महिन्यात दुपारी बारा ते चार या वेळात केवळ दूध, औषधाबरोबर लागणारे ओआरएस, लहान मुलांचा आहार अशाच निकडीच्या मागण्या घ्याव्यात आणि फेरीवरून परतल्यावर त्याला सावलीत बसायला व प्यायला पाणी मिळावे.

पैसे शक्यतो यूपीआयने, पिशवी निघण्यापूर्वी घ्यावेत. दारात रोख घ्यायची असेल तर सुटे पैसे सोबत द्यावेत. उधारी बंद करणे आपल्या भागात शहाणपणाचे नाही, कारण सोयाबीन किंवा कापूस विकला गेल्यावरच अनेक घरांत पैसा येतो. मात्र घरपोच सेवेसाठी प्रत्येक खात्याला एक मर्यादा घालावी आणि पिशवीत त्या दिवसाची चिठ्ठी व एकूण बाकी दोन्ही लिहून पाठवावे, म्हणजे महिन्याच्या शेवटी वाद होत नाही.

सेवा सुरू करताना पहिले दोन आठवडे फक्त ओळखीच्या वीस-पंचवीस घरांपुरती ठेवावी. प्रत्येक मागणीसाठी चार वेळांची नोंद करावी: फोन आला कधी, पिशवी तयार झाली कधी, माणूस निघाला कधी आणि पोहोचला कधी. दोन आठवड्यांनी ही वही उघडली की वेळ नेमकी कुठे जाते ते कळते. पिशवी तयार व्हायला वेळ जात असेल तर कप्प्यांची जागा बदलावी. तयार पिशवी पडून राहत असेल तर गर्दीच्या दोन तासांपुरता दुसरा माणूस ठेवावा. रस्त्यावर वेळ जात असेल तर हद्द कमी करावी किंवा पत्त्यांची वही सुधारावी. सलग आठवडाभर दहापैकी नऊ मागण्या सांगितलेल्या वेळेत आणि एकही वस्तू न चुकता पोहोचल्या, की शेजारच्या कॉलनीत सेवा सुरू असल्याचे कळवावे.